फोनवरचा ‘साहेब’ आणि आपल्या घरातली भीती

१ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीचा देशभरातला तपास सीबीआयकडे सोपवला. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वयस्क जोडप्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त रुपयांना लुबाडलं होतं. त्यांच्या पत्राची दखल घेऊन न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये स्वतःहून सुनावणी सुरू केली होती. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि सगळे पुढच्या बातमीकडे वळले. फोन मात्र वाजतच आहेत. मुंब्र्यात वाजतात, भिवंडीत वाजतात, मालेगावात आणि चिपळूण-खेडच्या गावांतही वाजतात.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. म्हणजे एका वर्षात तिप्पट. यातल्या बहुतेक प्रकरणांत कुणी बँकेचे कॉम्प्युटर फोडलेले नाहीत. कुलूप शाबूत होतं, चावी खातेदाराच्या हातून काढून घेतली गेली. ती कशी काढून घेतात, हे समजलं तर अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम पैसे गेल्यानंतरचं आहे, आणि आमच्या मते आपल्या घरांत खरी गडबड तिथेच होते. लोक गप्प बसतात. ठग त्या गप्प बसण्यावरच धंदा करतो.

घड्याळ लावून केलेला फोन

सुरुवात बहुतेक वेळा साधीच असते. “तुमच्या खात्याची केवायसी संपली आहे, संध्याकाळपर्यंत खातं बंद होईल.” किंवा “मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कापली जाईल.” किंवा “कार्डावर पॉइंट जमा आहेत, आजच वापरले नाहीत तर वाया जातील.” प्रत्येक फोनमध्ये घड्याळ असतं. विचार करायला, घरात कुणाला विचारायला, शाखेत जाऊन यायला वेळच मिळू नये, एवढ्यासाठी ते घड्याळ असतं.

आणि त्याला आपली माहिती असते. नाव, जन्मतारीख, कोणती बँक, कार्डाचे शेवटचे चार आकडे. “त्याला सगळं माहीत होतं, म्हणून वाटलं बँकेचाच माणूस,” हे वाक्य फसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतं. शेवटचे चार आकडे दुकानातल्या पावतीवरही छापलेले असतात. आधार-पॅनच्या झेरॉक्स आपण सिमकार्डवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना दिलेल्या आहेत, आणि अशा माहितीच्या याद्या विकल्या जातात. माहिती असणं म्हणजे ओळखपत्र नव्हे. फोनच्या पडद्यावर बँकेचं नाव आणि लोगो दिसणंही ओळखपत्र नव्हे, ते कुणालाही लावता येतं.

त्याला हवी असते ती शेवटची एक गोष्ट, जी त्याच्याकडे नसते. ती कधी ओटीपी असते. बँकेच्या मेसेजमध्ये बरेचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक इतकी रक्कम अमुक ठिकाणी जाणार आहे, हा नंबर कुणाला सांगू नका. पण समोरचा माणूस कानाशी बोलत असतो, “सर लवकर सांगा, तीस सेकंद राहिले.” मग आपण पूर्ण मेसेज वाचत नाही, फक्त सहा आकडे वाचून दाखवतो. कधी त्याला यूपीआय पिन हवा असतो. जुना सोफा किंवा शिलाई मशीन विकायला मोबाइलवर जाहिरात टाकली की एक ‘फौजी’ गिऱ्हाईक येतं, भाव न करता हो म्हणतं आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडतं. “स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल.” पिन टाकला की रक्कम जाते. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला, पान-टपरी चालवणाऱ्या मामूंपासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत, तोंडपाठ असायला हवं. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे ‘मागण्याची’ सोय एनपीसीआयने बंद केली. ती बंद होण्याचं कारण हीच ठगी. क्यूआर कोड मात्र आहेतच.

तिसरा प्रकार पडदा पाहण्याचा. “मी तुम्हाला मदत करतो, एक अ‍ॅप टाका आणि नंबर सांगा.” एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही अ‍ॅप मुळात वाईट नाहीत, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण ती चालू केली की आपल्या मोबाइलवर जे दिसतं ते समोरच्याला दिसतं. आलेला ओटीपीसुद्धा. मग खात्यात फक्त चार हजार आहेत म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून मुदत ठेव मोडता येते, काही बँका ‘आधीच मंजूर’ कर्ज दोन मिनिटांत खात्यात टाकतात. ठग ठेव मोडतो, कर्ज काढतो आणि दोन्ही घेऊन जातो. हप्ते आपल्या नावावर राहतात.

चौथा प्रकार सध्या सगळ्यात घातक आहे, कारण त्यात फोनही यावा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. तिचं नाव ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’ किंवा ‘बँक केवायसी’ असं काहीतरी असतं आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरं असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचं अ‍ॅप. ते उघडून ‘अलाव, अलाव’ करत गेलं की त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळते आणि बँकेचे ओटीपी आपल्याला दिसण्याआधी ठगाकडे पोचतात. “मी तर कुणाला ओटीपी सांगितलाच नाही” असं म्हणणाऱ्यांचे पैसे बरेचदा असेच गेलेले असतात. फाइल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून भरवसा ठेवू नका. त्या नातेवाइकाचा फोन आधीच ठगाच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप तीच ‘दावत’ गेलेली असते. शादीच्या सीझनमध्ये तर कुणाला शंकाही येत नाही.

मग खरा फोन ओळखायचा कसा? बँका आणि विमा कंपन्यांसाठी दूरसंचार खात्याने १६०० ने सुरू होणारे नंबर वेगळे ठेवले आहेत, आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या वेबसाइटसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता सक्तीचा केला, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, यात काही बेअदबी नाही. खात्याचं खरंच काही काम असेल तर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर स्वतः लावा, नाहीतर शाखेत जा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात आणि अशा वेळी फोन त्याने केलेला नसतो, आपणच त्याला केलेला असतो.

‘तुमचं नाव एका केसमध्ये आलंय’

लालचीचा फोन टाळता येतो. भीतीचा फोन टाळणं अवघड असतं, आणि आमच्या वाचकांशी आम्हाला जास्त बोलायचंय ते याबद्दल.

कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून धमक्या गेल्या, तुमच्या खात्यातून हवाला झाला, दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या प्रकरणात तुमचं नाव आलंय. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेलं वॉरंट. “तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही, नाहीतर त्यांनाही आत घेऊ.” आणि शेवटी, “तुमचे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात जमा करा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.”

यात शिकलेले-न शिकलेले असा फरक नाही. वर्धमान या मोठ्या कापड उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये याच पद्धतीने ७ कोटी रुपयांना फसवलं गेलं. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती, त्यात सरन्यायाधीशही खोटे होते. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची काही व्यवस्थाच नाही.

पण एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. ‘दहशतवादाच्या केसमध्ये नाव आलंय’ हे वाक्य ओसवाल यांच्या घरात एक भीती निर्माण करतं आणि मोमीनपुऱ्यातल्या किंवा कोंढव्यातल्या घरात वेगळी. आपल्या भीतीला इतिहास आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या आपल्या तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १२ जणांना निर्दोष ठरवलं ते २१ जुलै २०२५ रोजी, म्हणजे १९ वर्षांनी. त्या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो विषय वेगळा. पण ‘काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला’ हा सल्ला आपल्या मोहल्ल्यात का चालत नाही, हे या दोन तारखांवरून कळतं. अब्बूंना वाटतं, निर्दोष असलो तरी सिद्ध करेपर्यंत उमर निघून जाईल; त्यापेक्षा पैसे गेले तर गेले. ठगाला हे पक्कं माहीत असतं. तो ही भीती तयार करत नाही, आयती वापरतो.

म्हणून ‘घाबरू नका’ एवढं सांगून आम्ही थांबणार नाही. खरी पोलीस कारवाई कशी असते हे माहीत असेल तर खोटी ओळखू येते. पोलिसांना चौकशीसाठी बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यावी लागते. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ होतं. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. नोटिशीवर पोलीस ठाण्याचं नाव असतं, अधिकाऱ्याचं नाव असतं, हजर राहण्याची तारीख असते. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिलेला आहे, आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा माणूस नेमका तोच हक्क काढून घेत असतो. खऱ्या अटकेत तर नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि तपासासाठी पैसे कुणाच्या खात्यात भरून घेण्याची पद्धत कुठल्याच यंत्रणेत नाही, ना सीबीआय, ना एनआयए, ना ईडी.

तरीही मन मानत नसेल तर फोन ठेवून मोहल्ल्यातल्या कुठल्याही वकिलाला फोन करा, किंवा दोन शेजाऱ्यांना सोबत घेऊन जवळच्या ठाण्यात जा आणि विचारा, ‘माझ्या नावावर काही आहे का?’ ठाण्याची पायरी चढायला जीव घाबरतो हे आम्हाला समजतं. म्हणूनच सोबत कुणी असावं. व्हिडिओ कॉलवर एकटं बसून राहण्यात धोका जास्त आहे.

हजचे पैसे, रमजानचा क्यूआर, आखातातला फोन

ठग आपली कॅलेंडरंही पाहतो. हजचे अर्ज सुरू झाले की ‘कोट्यात जागा शिल्लक आहे, आजच बुकिंग करा’ असे मेसेज फिरतात. हज कमिटी पैसे कुणाच्या मोबाइल नंबरवरच्या यूपीआयवर मागत नाही, ते कमिटीच्या बँक खात्यात, अर्जाच्या संदर्भ क्रमांकासह भरायचे असतात. खासगी टूरवाल्याकडून जाणार असाल तर सरकारच्या यादीत त्याचं नाव आहे का ते पाहा आणि पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हटलं की तिथेच थांबा. रमजानमध्ये जकात-सदक्यासाठी आजारी मुलाचा फोटो आणि क्यूआर कोड असलेले मेसेज येतात. त्यातले किती खरे, हे मोबाइलवरून कळत नाही. स्कॅन केल्यावर येणारं नाव तरी वाचा. मदरशाच्या नावाखाली कुण्या तिसऱ्याच माणसाचं नाव दिसलं तर पैसे आपल्या वस्तीतल्या बैतुलमालला किंवा ओळखीच्या गरजूला द्या. आणि समोरच्याने ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलं, बोलण्यात दोन वेळा ‘इन्शाअल्लाह’ आलं, एवढ्याने तो आपला होत नाही. जामताऱ्याचं नाव घेतात तसंच या धंद्यासाठी हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या मेवातचंही घेतात, हे आपण सोयीने विसरू नये.

कोकणातल्या आमच्या वाचकांच्या घरात वेगळी अडचण असते. मालक दुबईत, कुवेतमध्ये किंवा सौदीत, खातं गावच्या शाखेत, मोबाइल बायकोच्या हातात. ओटीपी इथे येतो, पैसे तिकडून येतात. रात्री अकराला फोन येतो की ‘तुमच्या मिस्टरांचा अपघात झालाय’ किंवा ‘ते पोलिसांच्या ताब्यात आहेत, लगेच पैसे पाठवा’. तिकडच्या माणसांनाही एमिरेट्स आयडी किंवा बँक कार्ड ब्लॉक झाल्याचे फोन येतात, तेही उर्दू-हिंदीत. घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. पैशाचा फोन आला की तो शब्द विचारायचा. हे पोरखेळासारखं वाटेल, पण आता आवाजाची नक्कल कॉम्प्युटर करतो, तेव्हा आवाज ओळखीचा वाटला हा पुरावा राहिलेला नाही.

खातं भाड्याने देणारा मुलगा

लुबाडलेले पैसे जातात कुठे? ठग ते स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते जातात एखाद्या बेरोजगार तरुणाच्या, रिक्षावाल्याच्या, विद्यार्थ्याच्या खात्यात. तिथून पाच खात्यांत, तिथून वीस खात्यांत, शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टोमध्ये. मधल्या या खात्यांना पोलिसांच्या भाषेत ‘म्यूल’ म्हणजे ओझ्याचं खेचर म्हणतात. खेचराला ओझ्यात काय आहे ते ठाऊक नसतं, मार मात्र त्यालाच पडतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, कामधंद्याचं आमिष दाखवून तरुणांकडून कागदपत्रं घेतली गेली, एका सहकारी बँकेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली आणि त्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरली. ईडीने छापे टाकले. निवडणुकीचे दिवस होते, प्रकरणाला लगेच राजकीय रंग चढला, आणि पूर्ण शहराची बदनामी झाली. आरोप कुणावर किती सिद्ध होतात ते न्यायालय पाहील. पण ज्या मुलांनी आधार-पॅन दिलं त्यांच्या घरी यंत्रणा पोचल्या, एवढं तर झालंच.

हे आमिष आजही मोहल्ल्यात फिरतंय. ‘खातं काढून दे, एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडे राहू दे, महिन्याला पाच-दहा हजार घे.’ किंवा ‘तुझ्या खात्यात दोन लाख येतील, दहा हजार ठेव, बाकी काढून दे.’ मुलाला वाटतं, मी कुणाला फोन केला नाही, कुणाला फसवलं नाही, माझा काय गुन्हा? कायद्याच्या नजरेत पैसे त्याच्या खात्यात आले, त्याच्या सहीने निघाले. दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात येतात, आणि मग जी भीती ठग फोनवर खोटी दाखवत होता ती खरी होऊन समोर उभी राहते. ज्या आई-वडिलांचा मुलगा काम शोधतोय त्यांनी त्याला एकदा सरळ विचारावं, की तुझ्या नावावर किती खाती आहेत आणि त्यांची कार्डं कुणाकडे आहेत. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट पाहता येतं, अनोळखी नंबर तिथूनच बंद करण्याची विनंती करता येते.

याची आणखी एक बाजू आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या ठगीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत परत आणलं. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना तिथे कोंडून फोन-ठगीला बसवलं जातं. ज्या वस्त्यांतून पोरं कामासाठी बाहेर जातात त्यांनी हे लक्षात ठेवावं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी म्हटली की पाय मागे घ्यावा.

या साखळीत निष्पाप दुकानदारही सापडतो. कुण्या गिऱ्हाइकाने आठशे रुपयांचं बिर्याणीचं बिल फसवणुकीच्या पैशातून भरलं आणि हॉटेलवाल्याचं पूर्ण खातं गोठलं, असे प्रकार घडतात. अशा वेळी शाखेत भांडून उपयोग नसतो. बँकेकडून लेखी विचारा की कोणत्या पोलीस ठाण्याच्या, कोणत्या तक्रार क्रमांकावरून आणि किती रकमेसाठी रोखलंय. मग बिलं, जीएसटी किंवा दुकान परवाना जोडून त्या ठाण्याला अर्ज पाठवा. वादातली रक्कमच रोखावी, पूर्ण खातं नको, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे; अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

पैसे गेल्यावर पहिला तास

आता घरातल्या गप्प बसण्याकडे येऊ. पैसे गेलेत हे कळल्यावर पहिली गोष्ट काय होते? सूनबाई सासूपासून लपवते. मुलगा अब्बूंपासून लपवतो. अब्बू म्हणतात, लोक हसतील, एवढं शिकून फसले. दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं तेव्हा रडू फुटतं. त्या दोन दिवसांत रक्कम वीस खाती ओलांडून गेलेली असते. घरात आरडाओरडा होईल या धाकाने लपवलेली प्रत्येक मिनिटं ठगाच्या फायद्याची असतात. म्हणून ज्या घरात फसलेल्याला शिव्या पडतात, त्या घराचे पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते. हा नीतीचा मुद्दा नाही, सरळ हिशेब आहे.

१९३० हा नंबर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचा आहे. तिथे फोन केला की तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिच्यापर्यंत लगेच पोचवली जाते, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर रोखून धरली जाते. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेकडे. ही शर्यतच आहे. सरकारच्या माहितीनुसार जुलै २०२५ पर्यंत या व्यवस्थेतून ५,४८९ कोटी रुपये ठगांच्या हाती जाण्यापासून वाचवले गेले. वरच्या आकड्यांपुढे ते थोडेच आहेत, पण ते ज्यांनी लवकर फोन केला त्यांचे आहेत. फोन लावताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगावं. एपीके बसवलेलं असेल तर त्या मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बोला. ठगाने ‘*४०१*’ पासून सुरू होणारा नंबर लावायला सांगितला असेल तर आपले फोन त्याच्याकडे वळलेले असू शकतात. ‘##००२#’ लावून ते रद्द करा.

पैसे बँकेने द्यायचे की आपण सोसायचे, याचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले, आणि ते शाखेतले लोक स्वतःहून सांगतीलच असं नाही. चूक बँकेची असेल तर पूर्ण नुकसान बँकेचं. चूक ना बँकेची ना आपली, मध्ये तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली असेल आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर आपल्यावर शून्य जबाबदारी. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार आपल्यावर, मूलभूत बचत खात्यासाठी ५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. अशा प्रकरणांत १० कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यात होतं.

कडू बाजूही सांगतो. आपण स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरलं जातं. डिजिटल अरेस्टमध्ये स्वतःच्या हाताने आरटीजीएस केलं असेल तर बँकेकडून भरपाई मिळणं फार कठीण. पण इथेही वेळेचा मुद्दा येतोच, कारण कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेच्या खात्यावर. म्हणून ओटीपी दिल्यावर लाज वाटून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. किती वाजता कळवलं ते लिहून ठेवा, तक्रार क्रमांक घ्या, शाखेत दिलेल्या अर्जावर शिक्का मारून पोच घ्या. रोखलेली रक्कम परत मिळवायला बरेचदा पोलीस आणि न्यायालयातून जावं लागतं, तिथे हेच कागद मागतात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि कागदी अर्जही पाठवता येतो. १४४४८ वर फोन करून माहिती विचारता येते. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीने जुम्याच्या नमाजनंतर तासभर बसायचं ठरवलं, तर दर आठवड्याला चार-दोन अर्ज सहज लिहून होतील.